घर पाहिल्यानंतरची मागणी

मार्केट यार्डांत भुसाराचा व्यापारी पोत्यांतून मूठभर दाणे काढून तळहातावर पसरल्यावांचून भाव बोलत नाहीं. त्याच गुलटेकडीच्या आसपास जुनी सदनिका घेणारें सुशिक्षित कुटुंब मात्र पुष्कळदां नवा रंग पाहून इसार देऊन बसतें. अभियंत्याला बोलाविण्याचें सुचतें तें त्यानंतर; आणि मग त्यानें दाखविलेले दोष कोणापुढें मांडावयाचे, हा प्रश्न उभा राहतो.

ढिली कडी, तडकलेली फरशी, उडालेला रंग यांचा उच्चारहि करूं नये. असल्या तक्रारींची लांबलचक यादी हातीं पडली कीं विक्रेता चिडतो, आणि तिच्यांतील एकुलती महत्त्वाची बाबहि क्षुल्लक वाटूं लागते. न्हाणीघराच्या भिंतीमागील ओल, सज्जाच्या स्लॅबमधून डोकावणारी गंजलेली सळई, जुनाट विजेच्या तारा, मागणी करावी ती यांविषयीं. (पहाटेच्या मालमोटारींचा आवाज दुरुस्त करणें कोणत्याच विक्रेत्याच्या हातीं नाहीं!)

परंतु मागणी कोणाकडे? गच्चींतून पावसाचें पाणी झिरपत असेल, तर सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें तें काम संस्थेचें. विक्रेत्याशीं त्यावरून भांडणें व्यर्थ. त्यानें संस्थेकडे केलेला अर्ज व तिचें लेखी उत्तर मात्र मागून घ्यावें. इमारतीला ३० वर्षें उलटलीं असल्यास तिच्या सुरक्षिततेची तपासणी कायद्यानें आवश्यक आहे. तो अहवाल पाहण्यास संकोच नको, कारण मोठ्या दुरुस्तीची वर्गणी उद्यां नव्या सभासदाच्याच माथीं बसते.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचें ५५ वें कलम, निराळा करार नसल्यास, विक्रेत्यावर एक बंधन घालतें: जो महत्त्वाचा दोष त्याला ठाऊक आहे, पण खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनहि कळण्यासारखा नाहीं, तो त्यानें उघड करावा. भिंतीवर ढळढळीत दिसणाऱ्या ओलीला हें संरक्षण नाहीं. तेव्हां साठेखतापूर्वींच, दोन ठेकेदारांचीं अंदाजपत्रकें जोडून, लेखी बोलणें करावें.

दुरुस्ती करून मागावी, कीं किंमत कमी करून घ्यावी? घर सोडून निघालेला मनुष्य ओलीचें मूळ शोधीत बसत नाहीं. तो लांबी भरून रंग देतो. शिवाय चैत्रांत केलेल्या कामाची परीक्षा आषाढांत, आणि तोंवर खरेदीखत नोंदून गेलेलें! म्हणून बहुधा किंमत कमी करून घेणेंच बरें. तिच्यामुळें मुद्रांकशुल्क कमी होईलच असें नाहीं. शासकीय मूल्य अधिक असल्यास तें त्यावर आकारलें जातें. नळाचें वा विजेचें काम मात्र विक्रेत्याकडून करवून घेण्यास हरकत नाहीं, कारण तें ताबडतोब पडताळतां येतें. साठेखतांत त्याची मुदत, आणि काम न झाल्यास कापावयाची रक्कम लिहून घ्यावी.

नव्या घराची गोष्ट वेगळी. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमान्वयें, ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आंत नजरेस आणलेला बांधकामाचा दोष विकासकानें ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. न केल्यास भरपाई मागतां येते.

जुन्या घराच्या बाबतींत सारें बळ असतें तें इसाराच्या पावतींत. तपासणींत मोठा दोष निघून उभयतांचें जमलें नाहीं तर इसार परत मिळेल, ही एक ओळ तींत असली तर खरेदीदाराला उठून जातां येतें. ती नसली तर अभियंत्याचा अहवाल हातीं असूनहि त्याला विक्रेत्याच्या मर्जीवर बसून राहावें लागतें.