ताकदीचे इंजेक्शन आणि रिकामा पाळणा

निकाहला तीन वर्षे झाली, तरी घरात पाळणा हललेला नाही. सूनबाईच्या तपासण्या सुरू होतात. आधी सोनोग्राफी, मग रक्त, मग गर्भनलिकांचा एक्स-रे. शेजारची खाला एक हकीम सुचवते, नणंद दुसरा डॉक्टर. मुलगा मात्र रोज जिमला जातो. दंड भरलेले, छाती रुंद. त्यालाही तपासावे, असे कुणाच्या मनात येत नाही. अखेर डॉक्टर आग्रह धरतात आणि त्याच्या अहवालात शुक्राणूंची संख्या शून्य येते. तेव्हा कळते की तो वर्षभर ‘ताकदीचे इंजेक्शन’ घेत होता.

अशी घरे आम्ही पाहिली आहेत. हया म्हणून आपण जो विषय टाळतो, त्याची शिक्षा एक निर्दोष सून भोगते. म्हणून या महिन्यात त्याच विषयावर मोकळेपणाने बोलू.

अशा इंजेक्शनात अनेकदा टेस्टोस्टेरॉन असते. हे पुरुषाच्या अंडकोषात तयार होणारे संप्रेरक. दाढी-मिशा, भारदस्त आवाज, स्नायू, हाडांची मजबुती, कामेच्छा, रक्तातल्या लाल पेशी या सगळ्यांना त्याची गरज असते. ते किती बनवायचे, याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी देते. शुक्राणू तयार करण्याचा हुकूमही तिचाच.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचले की पिट्युटरीला वाटते, माल भरपूर आहे. ती हुकूम थांबवते. अंडकोषाचा कारखाना बंद पडतो, तो आकसतो आणि शुक्राणू कमी होत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने तर याचा संततिनियमनासाठी उपयोग होतो का, हे तपासले होते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिले गेले. सहा महिन्यांच्या आत निम्म्याहून अधिक पुरुषांचे शुक्राणू शून्यावर आले. म्हणजे जे औषध ‘मर्दानगी’साठी घेतले जाते, तेच बाप होण्याची वाट अडवते.

मग हे औषध वाईटच का? मुळीच नाही. काही मुलग्यांत जन्मतः एक गुणसूत्र जास्त असते, त्यामुळे अंडकोष नीट काम करत नाहीत. कुणाच्या पिट्युटरीत गाठ असते. कुणाचे अंडकोष गालगुंडाच्या सुजेने, मार लागून किंवा कॅन्सरच्या उपचारांनी निकामी होतात. अशा माणसाला टेस्टोस्टेरॉन नियामतच ठरते. इच्छा परत येते, हाडे बळकट होतात, अशक्तपणा कमी होतो. इलाज असताना तो न करणे हा सब्र नव्हे.

पण आधी निदान पक्के हवे. केवळ थकवा आहे म्हणून औषध सुरू करायचे नसते. त्रासाची लक्षणे हवीत आणि दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी उपाशीपोटी केलेल्या तपासणीत प्रमाण कमी यायला हवे. साधारण ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा खाली गेले तर डॉक्टर ते कमी मानतात. अपुऱ्या झोपेने आकडा घसरतो. म्हणून तरावीह आणि सहरीमुळे झोप मोडत असेल, तर तपासणी रमजाननंतर करण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. लठ्ठपणा आणि मधुमेहातही प्रमाण उतरते. अशा वेळी वजन कमी करणे हाच पहिला इलाज.

उपचार चालू असताना रक्त दाट होऊ शकते. लाल पेशींचे प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, ५४ टक्क्यांवर गेले तर औषध थांबवावे लागते. मुरुमे येतात, रक्तदाब वाढू शकतो, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास बळावू शकतो. प्रोस्टेटचा कॅन्सर असलेल्यांना सहसा हे औषध देत नाहीत. २०२३ साली ५,००० हून अधिक पुरुषांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हार्ट अटॅक किंवा पक्षाघात वाढल्याचे दिसले नाही, मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे हे प्रकार अधिक आढळले. हे सगळे डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या डोसबद्दल. जिममधला डोस याच्या कितीतरी पट असू शकतो आणि बाटलीत नेमके काय आहे, तेही माहीत नसते.

जेल वापरणाऱ्या अब्बांनी आणखी एक काळजी घ्यावी. जेल लावलेल्या त्वचेला लहान मुलाचा स्पर्श झाला तर मुलात अवेळी वयात येण्याची लक्षणे दिसू शकतात. जेल लावल्यावर हात साबणाने धुवावेत, ती जागा कपड्याने झाकावी.

ज्याने इंजेक्शने घेतली आहेत, त्याने घाबरू नये, लपवूही नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू सहा महिने ते वर्षभरात परततात, काहींना जास्त काळ लागतो. गरज पडल्यास अंडकोषाला पुन्हा कामाला लावणारी वेगळी इंजेक्शने असतात. ज्याचे टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी आहे आणि ज्याला मूलही हवे आहे, त्याने ते पहिल्याच भेटीत सांगावे, म्हणजे डॉक्टर दुसरा मार्ग निवडतील.

घरातल्या मोठ्यांना आमची एक विनंती. मूल न होण्यात सुमारे निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाचाही वाटा असतो. वर्षभर वाट पाहून मूल राहिले नाही, तर तपासणी दोघांची आणि एकाच वेळी व्हावी. वीर्याची तपासणी साधी आहे, सुईसुद्धा टोचावी लागत नाही. नमुना देण्याच्या पद्धतीबद्दल मनात शंका असेल, तर पत्नीच्या सहवासात, रसायन नसलेल्या खास कंडोममध्ये तो घेता येतो. लॅबला आधी विचारावे.

हजरत इब्राहीम आणि हजरत जकरिया (अलैहिमुस्सलाम) यांनाही औलादीसाठी वृद्धत्वापर्यंत वाट पाहावी लागली. वाट पाहण्यात कमीपणा नाही. शरीर अल्लाहची अमानत आहे आणि घरात आलेली सूनही. दुआ जरूर करा, पण तिच्याकडे बोट दाखवण्याआधी मुलाची चिठ्ठी फाडा.