बॅटरीतला हायड्रोजन आणि उगाचची भीती

हायब्रिड गाडीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "तिच्या बॅटरीत हायड्रोजन असतो म्हणे, यवतमाळच्या उन्हात उभी केली तर उडेल!" मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते पटतंही. पण ही भीती साफ चुकीची आहे.

टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिड गाडीत निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी असते. दुकानात मिळणारे चार्जिंगचे पेन्सिल सेलही बहुधा याच जातीचे. त्यांत वायूची टाकी नसते. ऋण पट्टीवर निकेल, लॅन्थॅनम, सिरियम यांचा मिश्रधातू असतो. चार्जिंग होताना बॅटरीतल्या द्रावणातलं पाणी तिथे फुटतं आणि हायड्रोजनचे अणू धातूच्या अणूंमधल्या फटींत जाऊन बसतात. बॅटरी वापरली की त्यांचं पुन्हा पाणी होतं.

फिलिप्सच्या प्रयोगशाळेतल्या व्हान व्हुख्त, कुइपर्स आणि ब्रुनिंग यांचा १९७० चा लेख सांगतो, की लॅन्थॅनमचा एक आणि निकेलचे पाच अणू मिळून हायड्रोजनचे सहाहून अधिक अणू सामावून घेतात. ही दाटी द्रवरूप हायड्रोजनच्या दीडपट भरते. "मग दाब केवढा असेल!" असं लगेच म्हटलं जातं. तसं होत नाही. बॅटरीच्या मिश्रधातूत ॲल्युमिनियम, मँगनीज, कोबाल्ट मिसळून हा दाब साध्या तापमानाला हवेच्या दाबाहूनही कमी ठेवतात. शिवाय धातूतून हायड्रोजन सुटताना उष्णता शोषली जाते, धातू थंड होतो आणि सुटणं आपोआप मंदावतं. उन्हाने बॅटरीचं आयुष्य घटतं, हे मात्र खरं.

हायड्रोजन वायू खरोखर सुटतो तो इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटरीतून, चार्जिंग संपत येताना. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की ठिणगी पुरते. आणि तीच बॅटरी आपण जिन्याखाली, बंद कपाटात कोंबून ठेवतो!

निकेल-मेटल हायड्राइड सेलबद्दलचे आणखी काही गैरसमज:

"सेल पूर्ण संपवूनच चार्ज करावा." हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम सेलचा, इथे तो परिणाम किरकोळ असतो.

"१.२ व्होल्टचा सेल कमजोर." साधा सेल दीड व्होल्टवरून सतत उतरत जातो, हा जवळजवळ शेवटपर्यंत १.२ च्या आसपास टिकतो.

"रेअर अर्थ धातू दुर्मीळ असतात." यांतले लॅन्थॅनम आणि सिरियम भूकवचात शिशापेक्षा जास्त आहेत.

"कोणताही चार्जर चालतो." अजिबात नाही. चुकीच्या चार्जरने सेल तापतो. याच जातीच्या सेलसाठीचा चार्जर वापरा.

अशी हायब्रिड गाडी उन्हात उभी केली तर उडेल, ही भीती सोडा. काळजी घ्यायचीच असेल तर आजच घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी हवेशीर जागी हलवा, आणि तिच्याजवळ दिवा किंवा उदबत्ती लावू नका.