मेळघाटातील असनवृक्ष : एक अरण्यदर्शन

वैजापूर परिसरात वैद्यकव्यवसाय करणाऱ्यास अरण्य बहुधा निघंटूंतूनच भेटते. आमचा तालुका कापूस-कांद्याचा. जवळचे म्हणावे असे वन म्हणजे कन्नडकडील गौताळा-औट्रमघाट अभयारण्य. त्यामुळे अष्टांगहृदयातील असनादि गण मुखोद्गत असूनही प्रत्यक्ष असनवृक्षाखाली उभे राहण्याचा योग प्रस्तुत लेखकास व्यवसायाच्या बाविसाव्या वर्षी आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही चार वैद्य व दोन औषधी-दुकानदार मेळघाटास जाऊन आलो, त्याचा हा वृत्तान्त.

रोटेगाव स्थानकावरून मनमाड, तेथून बडनेरा, पुढे अमरावती व परतवाडा असा प्रवास झाला. परतवाडा सोडल्यावर घाट चढू लागताच मोबाईल मुके झाले, याचे दुःख आमच्यापैकी केवळ एकाच दुकानदारास झाले. मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. व्याघ्रप्रकल्पाच्या आरंभी, १९७३-७४ मध्ये, निवडलेल्या देशातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी हे एक. सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचे गुगामल राष्ट्रीय उद्यान हा त्याचा गाभा. खंडू, खापरा, सिपना, गाडगा व डोलार या नद्या येथील पाणी तापीस नेतात. सेमाडोहहून वाहनाने फिरताना वाघाने दर्शन दिले नाही. गवे मात्र दिसले.

खरा लाभ झाला तो कोलकास येथे, सिपनेच्या काठी. सोबतच्या कोरकू वाटाड्याने दोन वृक्ष दाखवून सांगितले, "डॉक्टरसाहेब, हा बिजा आणि तो येन." बिजा म्हणजे आपला बिबळा, शास्त्रातील असन किंवा बीजक. येन म्हणजे ऐन. परंतु त्यालाही अनेक ठिकाणी लोकभाषेत 'आसन' म्हणतात, आणि सारा घोटाळा येथेच आहे. ऐनाची साल काळपट, खोल चौकोनी भेगांची, मगरीच्या पाठीसारखी. फळास पाच पंख. बिबळ्याचे फळ पापडासारखे गोल व चपटे, कडेने पातळ पंख आणि मध्ये बी. सालीस जखम झाली की रक्तवर्ण निर्यास स्रवतो. थोडे पुढे ओढ्यालगत अर्जुन उभा होता, गुळगुळीत फिकट सालीचा. ऐन व अर्जुन एकाच कुळातील आहेत, म्हणून अर्जुनसालीतही ऐनसालीची भेसळ होते. तिन्ही वृक्ष एका दृष्टिक्षेपात पाहिल्यावर त्यांची गल्लत होणे कठीण. पण पोत्यात आलेल्या तुकड्यांना ना पान असते, ना फळ.

येथे एक कबुली द्यावी लागते. सुमारे दोन वर्षे आमच्या औषधालयात एका घाऊक व्यापाऱ्याकडून 'असन' या नावाने साल येत होती. प्रमेहाच्या रुग्णांना तिचा काढा दिला जाई. अपेक्षित गुण येत नसे तेव्हा आम्ही पथ्याला दोष दिला, रुग्णाच्या आळसालाही दिला. पोते मात्र तपासले नाही. प्रमेहात वापरावयाचा तो बिबळ्याचा सार, म्हणजे खोडाचा गाभा. आपण साल का घेत आहोत, हा साधा प्रश्नही आम्हांस पडला नाही.

गाभा हवा तर वृक्ष तोडावा लागतो, ही दुसरी अडचण. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये राष्ट्रीय उद्यानातून परवानगीविना कोणतेही वनोपज बाहेर नेता येत नाही. कोलकासला आमच्या एका मित्राने खाली पडलेले बिबळ्याचे एक फळ नमुना म्हणून खिशात टाकले, ते वाटाड्याने नम्रपणे परत ठेवावयास लावले. मित्र थोडे ओशाळले. आम्हालाही ते ओशाळणे आवश्यकच होते. बिबळा हे उत्तम इमारती लाकूड असल्याने परवानाधारक वखारीत गाभ्याचे तुकडे व भुसा मिळू शकतो. दुकानदार बंधूंनी तो वाहतूक परवान्याची प्रत घेऊनच खरेदी करावा.

परीक्षा सोपी आहे. गाभ्याचे तुकडे काचेच्या पेल्यात पाण्यात भिजत घालावेत आणि काही वेळाने पेला उन्हात धरावा. पाणी पिवळसर-तपकिरी होते आणि त्यावर निळसर झाक उमटते.

वैजापूरला परतल्यावर दुसऱ्याच सकाळी दोन पेले मांडले. एकात पोत्यातील साल. दुसऱ्यात गुरुजींच्या काळच्या, तडा गेलेल्या बिबळ्याच्या पेल्याचा तुकडा. दुपारी उन्हात पाहिले. जुन्या तुकड्याच्या पाण्यावर निळी झाक स्पष्ट होती. सालीचे पाणी नुसतेच तपकिरी. पोते त्याच दिवशी बाजूला काढले, आणि जुन्या नोंदवहीतून त्या दोन वर्षांतील प्रमेहरुग्णांची नावे उतरवून त्यांना फेरतपासणीस बोलावण्यास प्रारंभ केला.