परसांतील कोंबडीचीं पिलें व शेजारचीं मांजरें

परसांत कोंबड्या पाळणाऱ्या शेतकरी बंधूंच्या तोंडून एक तक्रार वारंवार ऐकूं येते. चांगल्या जातीचीं २५ पिलें विकत आणावीं, त्यांची निगा राखावी, आणि एके दिवशीं सकाळीं खुराडें उघडून पाहावें तों चार कमी भरावीं. लागलीच शेजारच्या मांजराचें नांव घेतलें जातें, दोन घरांत शब्दाला शब्द वाढतो, आणि पिलें मात्र पुढल्या रात्रीं पुन्हां तशींच जातात. या तंट्यांत मांजराचा दोष किती व आपल्या खुराड्याचा किती, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

वाडवडिलांच्या वेळीं मांजरें कमी होतीं असें नाहीं. पण त्या वेळीं पिलांना आई होती. गांवठी कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसून पिलें काढते व पुढें दीड-दोन महिने तीं पंखांखालीं वागवते. त्या दिवसांत मांजर जवळ आलें तर ती पिसें फुलवून त्याच्या तोंडावर झेप घेते, आणि एकदां चोंच खाल्लेलें मांजर तिच्या वाटेस सहसा जात नाहीं. घार दिसतांच तिचा आवाज पालटतो व पिलें आडोशास धांवतात. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारलेल्या जातींचीं पिलें यंत्रांत उबवलेलीं असतात. तीं आपल्या दारीं पोरकींच येतात. आईचें काम मालकाच्या अंगावर पडतें, आणि मालक तर रात्रीं झोपतो.

मांजरावर आळ घेण्यापूर्वीं खूण पाहावी. मांजर फार करून एक पिलूं उचलतें व तोंडांत धरून निघून जातें; मागें चार पिसें राहिलीं तर राहतात. मुंगूस हें दिवसा हिंडणारें जनावर आहे. भरदुपारीं पांच-सहा पिलें मानेशीं चावून तशींच टाकलेलीं आढळलीं, तर संशय त्याच्यावर घ्यावा. असाच प्रकार रात्रीं घडला तर उदमांजर अथवा रानमांजर येत असावें. घूस पिलें बिळांत ओढून नेते. तिच्या बिळाशीं उकरलेल्या मातीचा ढीग असतो. शेजाऱ्याशीं बोलणें बंद झाल्यावर खुराड्याखालीं घुशीचें बीळ सांपडावें, असा प्रसंग आमच्याही घरीं येऊन गेला आहे. त्यानंतर समेटास बराच काळ लागला.

आतां खुराड्याकडे वळूं. बाजारांत षट्कोनी घरांची जी पातळ जाळी मिळते ती कोंबड्या आंत कोंडण्यापुरती ठीक; शिकारी जनावर बाहेर ठेवणें तिच्यानें होत नाहीं. पिलें रात्रीं उबेसाठीं कोपऱ्यांत जाळीला चिकटून निजतात. मांजर बाहेर शांत बसतें, इंचभर घरांतून पंजा आंत घालतें आणि हाताशीं येईल तें पिलूं जाळीकडे ओढतें. पिलूं बाहेर येत नाहीं, परंतु वांचतही नाहीं. जाळीपाशीं पाय किंवा पंख तुटलेलें पिलूं दिसलें म्हणजे हाच प्रकार झाला असें समजावें. यासाठीं अर्ध्या इंचाहून मोठें घर नसलेली, वेल्ड केलेली जाड तारेची जाळी घ्यावी, व तळापासून दीड फूट उंचीपर्यंत आंतून फळ्या किंवा पत्रा मारावा. डालग्याखालीं पिलें झाकून वर दगड ठेवण्याची जुनी रीत दिवसां घटकाभर चालेल. रात्रीं मात्र डालग्याच्या फटी त्याच पंजाच्या उपयोगी पडतात.

वरून उघडें कुंपण मांजरापुढें व्यर्थ होय. पांच फूट उडी त्यास जड नाहीं, आणि त्याहून उंच जाळीवर तें नखांनीं चढतें. छप्पर किंवा वरून जाळी हवीच; तिनें घार-कावळ्यांचाही बंदोबस्त होतो. मांजराचें डोकें जेथें शिरतें तेथें बहुधा अंगही शिरतें, म्हणून दाराच्या फटी पाहाव्या व कडींत खिळी घालावी. मांजर सहसा उकरून आंत येत नाहीं. पण घूस, मुंगूस व कुत्रीं उकरतात. सबब जाळी फूटभर जमिनींत पुरावी, किंवा बाहेरच्या अंगास आडवी पसरून तिच्यावर दगड ठेवावे.

इतक्या खर्चास ज्यांचा हात धजत नाहीं त्यांनीं सर्व परसाचा विचार सोडावा. चार फूट लांब व तीन फूट रुंद अशी एक भक्कम पेटी २५ पिलांस पहिला महिना पुरते. त्यानंतर जागा वाढवावी लागते; परंतु पक्षी किलोभर वजनाचा झाला कीं घरचें मांजर त्याच्या वाटेस क्वचितच जातें. काळजी काय ती पहिल्या आठ-दहा आठवड्यांची.

कांहीं मंडळी माशाच्या तुकड्यास पिकावरचें औषध लावून ठेवतात. याचा आम्ही स्पष्ट निषेध करतों. तो तुकडा आपलीच कोंबडी टोंचील, कुत्रें खाईल, आणि एखादे वेळीं पोराच्या हातीं लागेल. १९६० च्या कायद्यानें जनावरांस क्रूरतेनें वागविणें गुन्हा आहे. मुंगूस व रानमांजर यांना तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचें संरक्षण आहे. शिवाय शेजारचें मांजर आपल्या कणगीभोंवतींचे उंदीर मारतें, त्याची मजुरी अद्याप कोणी मागितलेली नाहीं.

मेलेलीं पिलें उकिरड्यावर फेंकण्याची संवय मात्र तात्काळ टाकावी. पिलाची चव मांजरास पुष्कळदां तेथेंच लागते. तीं खोल पुरावीं. मांजराचें पोट भरलें म्हणजे तें शिकार करणार नाहीं, हा समजही खरा नाहीं. भरल्या पोटींही तें झडप घालतें. म्हणून शेजाऱ्यानें त्यास दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत घरांत ठेवलें तर अधिक उपयोग होतो. ही विनंती पिलें आणण्यापूर्वीं करावी, आणि जातांना चार अंडीं बरोबर न्यावीं.