जुन्या टू-व्हील ड्राइव्ह पिकअपला फोर बाय फोर करता येतं का? समजून घ्या आतलं सगळं गणित

रील्समध्ये असा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. जुना पिकअप जॅकवर चढतो, खाली काहीतरी बसवलं जातं आणि तीस सेकंदांत तीच गाडी चिखलातून, दगडांवरून आरामात चढून जाते. खाली प्रश्नांचा पाऊस : "भाऊ, किती खर्च येतो?"

खर्चाच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. नक्की काय काय बदलावं लागतं? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे एक लायब्ररी बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या दहा गोष्टी तुटतात. गाडीचंही अगदी तसंच आहे. चला, एकेक भाग बघू.

आधी फरक समजून घेऊ

साध्या पिकअपमध्ये इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून लांब प्रोपेलर शाफ्टने मागच्या डिफरेन्शियलला जाते आणि तिथून मागच्या दोन चाकांना. पुढची चाकं फक्त वळतात, ब्रेक लावतात आणि वजन पेलतात. त्यांना कोणी फिरवत नाही, गाडी पुढे गेली म्हणून ती फिरतात.

फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक डबा असतो, ट्रान्सफर केस. तो ताकदीला दोन वाटा देतो : एक शाफ्ट मागे, एक पुढे. पुढच्या शाफ्टसाठी पुढे वेगळं डिफरेन्शियल लागतं आणि चाक वळलेलं असतानाही फिरत राहील असे जॉइंटही लागतात.

ट्रान्सफर केसचं दुसरं काम म्हणजे लो रेंज. जुन्या टोयोटा फोर बाय फोर पिकअपमध्ये लो रेंजचं प्रमाण २.२८ होतं. समजा पहिला गिअर ४ चा आणि डिफरेन्शियल ४.१० चं आहे. मग इंजिनचा टॉर्क चाकापर्यंत साधारण १६ पट होऊन पोचतो. लो रेंज टाकली की तोच ३७ पट होतो. गाडी मुंगीच्या चालीने जाते, पण चढ चढते.

हे खरंच कोणी केलंय का?

हो, आणि फार पूर्वीपासून. अमेरिकेत मार्मन-हेरिंग्टन ही कंपनी १९३० च्या दशकात फोर्डच्या ट्रकना फोर-व्हील ड्राइव्ह करून द्यायची. फोर्डने स्वतःचा फोर बाय फोर पिकअप १९५९ मध्ये आणला. मिनिआपोलिसची नॅपको कंपनी शेव्हरोले आणि जीएमसीच्या पिकअपसाठी तयार किट विकायची. १९५७ मध्ये शेव्हरोलेने हेच किट थेट कारखान्यात बसवून द्यायला सुरुवात केली.

मग आता का अवघड? कारण त्या काळच्या पिकअपना पुढे सरळ, एकसंध अ‍ॅक्सल आणि पाटे असायचे. जुना अ‍ॅक्सल काढा, त्याच पाट्यांवर फिरणारा अ‍ॅक्सल बसवा. किट त्याच मापाचं असायचं.

पुढे काय बदललं?

टोयोटाचं उदाहरण घेऊ. हायलक्स पिकअपचं फोर बाय फोर मॉडेल १९७९ मध्ये आलं. त्याला पुढे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे होते. त्याच काळातल्या टू-व्हील ड्राइव्ह मॉडेलला मात्र पुढे स्वतंत्र सस्पेन्शन होतं, म्हणजे प्रत्येक चाक वेगवेगळं वरखाली होणारं. बाहेरून दोन्ही गाड्या भावंडं वाटतात, पण खाली वाकून पाहिलं तर चेसिसच वेगळी.

त्यामुळे अशी गाडी बदलायची तर यादी अशी होते :

१. पुढचं सगळं सस्पेन्शन कापून काढायचं आणि पाट्यांसाठी नवे ब्रॅकेट वेल्ड करायचे.
२. डिफरेन्शियलसह पुढचा अ‍ॅक्सल बसवायचा.
३. इंजिनखालचं ऑइल चेंबर बदलायचं, कारण अ‍ॅक्सल वर आला की तो जुन्या चेंबरला धडकतो.
४. गिअरबॉक्सचा मागचा भाग बदलून ट्रान्सफर केस जोडायची. बऱ्याचदा अख्खा गिअरबॉक्सच बदलणं सोपं पडतं.
५. मागचा शाफ्ट आखूड करायचा, पुढचा नवीन बनवायचा आणि दोन्ही बॅलन्स करून घ्यायचे.
६. स्टिअरिंग बॉक्स, रॉड आणि ब्रेकचे होज नव्या उंचीला जुळवायचे.
७. केबिनच्या तळाला भोक पाडून दुसरा लिव्हर आणायचा. स्पीडोमीटरची केबलही पुन्हा जुळवायची.

यातली तिसरी आणि सहावी गोष्ट रीलमध्ये कधीच दिसत नाही. आणि सहावी गोष्ट चुकली तर गाडी रुतत नाही, थेट रस्ता सोडते.

सर्वात जास्त फसवणारा आकडा

पुढच्या आणि मागच्या डिफरेन्शियलचं प्रमाण सारखंच पाहिजे. भंगार बाजारात मिळाला म्हणून कुठलाही अ‍ॅक्सल चालत नाही. का, ते बघा.

समजा मागचं प्रमाण ४.१० आणि पुढचं ३.७३ आहे. ट्रान्सफर केस दोन्ही शाफ्ट सारख्याच वेगाने फिरवते. शाफ्टचे ४१० फेरे झाले की मागचं चाक १०० वेळा फिरेल आणि पुढचं जवळपास ११० वेळा. चाकाचा घेर २.२ मीटर धरला तर मागची चाकं २२० मीटर गेली तेव्हा पुढची म्हणतात, आपण २४२ मीटर गेलो! गाडी तर एकच आहे. मग ते २२ मीटर जातात कुठे? चिखलात चाक घसरून हिशोब मिटतो. कोरड्या डांबरावर मात्र टायर घासतात, शाफ्ट पिळले जातात आणि शेवटी सर्वात कमजोर जॉइंट किंवा दाता तुटतो.

म्हणूनच कंपनीने बनवलेली पार्ट-टाइम फोर बाय फोर गाडीसुद्धा कोरड्या रस्त्यावर त्या मोडमध्ये चालवायची नसते. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, मागची छोट्या. मधला हिशोब मिटवणारं डिफरेन्शियल ट्रान्सफर केसमध्ये नसतं.

मग दुसरा मार्ग?

बहुतेक जाणकार एकच सांगतात : कन्व्हर्जन करू नका, तयार फोर बाय फोर घ्या. अगदीच आपलीच बॉडी हवी असेल तर काही जण त्याच मॉडेलची फोर बाय फोर चेसिस आणून तिच्यावर जुनी केबिन आणि हौदा चढवतात. वेल्डिंग कमी लागतं, सगळे पार्ट एकमेकांना जुळतात. पण आपल्याकडे चेसिस नंबर त्या चेसिसवरच कोरलेला असतो. चेसिस बदलली म्हणजे कागदोपत्री गाडीच बदलली.

भारतात कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने मूळ जे तपशील दिलेत त्यापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजी किटसारख्या बदलांना नियमात वाट आहे. पण पुढचा अ‍ॅक्सल, सस्पेन्शन आणि गाडीचं वजन बदलणं म्हणजे किरकोळ अ‍ॅक्सेसरी नाही.

दंडापेक्षा मोठी गोष्ट विम्याची. अपघात झाला आणि सर्व्हेअरला गाडीखाली न कळवलेलं वेल्डिंग दिसलं, तर क्लेम अडकू शकतो. मालवाहू गाडीला फिटनेस तपासणीही असते, तिथेही प्रश्न येणारच.

चिखलात रुतणाऱ्या गाडीचं काय करायचं?

हा प्रश्न मला मावसभावाने विचारला होता. त्याचा पिकअप टोमॅटोचे क्रेट घेऊन मार्केटला जातो आणि पावसाळ्यात शेतरस्त्याच्या काळ्या मातीत अडकतो. एक फेरी चुकली की त्या दिवसाचा भाव गेला. मी त्याला विचारलं, "भरलेली गाडी अडकते की रिकामी?" तो म्हणाला, "दादा, जास्त करून रिकामीच."

यामागे कारण आहे. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन कमी असतं, म्हणून पकड कमी. त्यात साधं डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. एक चाक चिखलात भुर्रकन फिरायला लागलं की दुसऱ्यालाही तेवढाच नगण्य टॉर्क मिळतो. साध्या डिफरेन्शियलच्या फोर बाय फोर गाडीतही पुढचं एक आणि मागचं एक चाक फिरत राहून गाडी जागेवर थांबू शकते!

त्यामुळे आधी स्वस्त उपाय : कंपनीने सांगितलेल्याच मापाचे खोल नक्षीचे टायर, रिकाम्या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलवर नीट बांधलेली वाळूची पोती, चाकाखाली टाकायला दोन फळ्या किंवा ट्रॅक्शन बोर्ड, सोबत फावडं आणि दोर. चिखलात टायरची हवा थोडी कमी करा, डांबर लागलं की लगेच भरा.

पुढची गाडी घेणार असाल तर लॉकिंग डिफरेन्शियल आहे का ते विचारा. बोलेरो निओच्या एका व्हेरियंटमध्ये ते टू-व्हील ड्राइव्ह असूनही मिळतं. एक चाक घसरलं की ते आपोआप लॉक होतं. रोजच फोर बाय फोरची गरज असेल तर बोलेरो कॅम्परचं फोर-व्हील ड्राइव्ह मॉडेल किंवा हायलक्ससारखे कारखान्यातून तसेच आलेले पिकअप बघा.

आणि एक लक्षात ठेवा. फोर-व्हील ड्राइव्हने गाडी सुटते लवकर, पण थांबत नाही लवकर. ब्रेक चारही चाकांना आधीपासूनच असतो. उंच आणि जड केलेली गाडी तर वळणावर आणि उतारावर जास्त जपून चालवावी लागते.