मेंदूतील व्हॅसोस्पाझम

मेंदूतील व्हॅसोस्पाझम म्हणजे मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आकसून अरुंद होणे. मेंदूच्या आवरणांखालील (सबअरॅक्नॉइड) रक्तस्रावानंतर उद्भवणारी ही गंभीर गुंतागुंत आहे. डोक्याला मार लागलेला नसल्यास असा रक्तस्राव बहुधा धमनीवरील फुगवटा (ॲन्युरिझम) फुटल्याने होतो. सांडलेल्या रक्तातील तांबड्या पेशींचे विघटन होऊन ऑक्सिहिमोग्लोबिन बाहेर पडते आणि धमनीच्या भिंतीतील स्नायू आकुंचन पावतात. विघटनास वेळ लागत असल्याने आकुंचन साधारणतः तिसऱ्या दिवसानंतर सुरू होते, सातव्या ते दहाव्या दिवशी तीव्र होते व दोन-तीन आठवड्यांत ओसरते. त्यामुळे फुगवटा यशस्वीरीत्या बंद केलेला, बोलू-चालू लागलेला रुग्णही पुन्हा अत्यवस्थ होऊ शकतो.

हे दिवस रक्तस्रावापासून मोजतात, रुग्णालयात दाखल झाल्यापासून नव्हे. लातूर जिल्ह्यातील मुरुडसारख्या गावात अचानक उठलेली असह्य डोकेदुखी पित्ताची समजली गेली आणि रुग्ण चौथ्या दिवशी लातूर किंवा सोलापूरला पोहोचला, तर तो धोक्याच्या काळातच दाखल झालेला असतो. म्हणून डोके नेमके कधी दुखू लागले, ही नातेवाइकांनी दिलेली माहिती निदानात महत्त्वाची ठरते.

निदान

नव्याने आलेली गुंगी, बोलण्यातील अडखळ किंवा एका बाजूच्या हातापायांतील अशक्तपणा ही संशयाची लक्षणे होत. मात्र पुन्हा झालेला रक्तस्राव, मेंदूत साठलेले पाणी, झटके किंवा रक्तातील सोडियमची घट यांतही हीच लक्षणे दिसतात. त्यामुळे प्रथम सीटी स्कॅन व रक्ततपासणी करून ही कारणे पडताळतात.

रुने आस्लिड यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या ट्रान्सक्रेनियल डॉपलर पद्धतीत कानशिलावर ध्वनितरंगांचा शोधक ठेवून धमनीतील रक्ताचा वेग मोजतात. नळीचे तोंड दाबले की पाण्याची धार वेगाने सुटते, तसेच येथे घडते. मेंदूच्या मधल्या धमनीतील सरासरी वेग सेकंदाला १२० सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास आकुंचनाचा संशय घेतात. २०० च्या पुढील वेग तीव्र आकुंचन सुचवतो. परंतु ताप व रक्तक्षय यांतही वेग वाढतो. म्हणून मानेतील धमनीच्या वेगाशी तुलना करतात. हे गुणोत्तर (लिंडेगार्ड गुणोत्तर) ३ हून अधिक असल्यास आकुंचनाची शक्यता बळावते. ही तपासणी खाटेपाशी रोज करता येते, हा तिचा मोठा गुण. काहींच्या कानशिलाचे हाड जाड असल्याने मात्र ती साधत नाही.

सीटी अँजिओग्राफीत अरुंद झालेल्या धमन्या दिसतात, तर परफ्युजन सीटीत कोणत्या भागाला रक्त कमी पडते ते कळते. कॅथेटर घालून केलेली अँजिओग्राफी (डीएसए) सर्वांत विश्वासार्ह मानली जाते. त्याच वेळी औषध सोडून किंवा फुग्याने धमनी रुंदही करता येते. चित्रात धमन्या अरुंद दिसलेल्या सर्वांनाच लक्षणे होत नाहीत. पहिल्या दिवशीची अँजिओग्राफी निर्दोष असली, तरी तिच्यावरून पुढील आठवड्याचा धोका टळला असे ठरवता येत नाही. निमोडिपिन हे औषध २१ दिवस देतात, तेही याच कालावधीचा विचार करून.