झोपलेल्या घरातील जागी वीज

पर्युषण पर्वात अनेक जैन घरांतील दूरदर्शन संच आठ दिवस बंद राहतो. दशलक्षण पर्व पाळणाऱ्या घरांत दहा दिवस. काही घरांत त्यावर वस्त्रही झाकले जाते. नियम मनापासून पाळला जातो, यात शंका नाही. तथापि रात्री दिवे मालवल्यावर त्या वस्त्राआडून एक बारीक तांबडा ठिपका दिसत राहतो, आणि शेजारच्या सेट-टॉप बॉक्सवर हात ठेवला तर तो कोमट लागतो. रिमोटने बंद केलेला संच खऱ्या अर्थाने बंद झालेलाच नसतो. तो पुढच्या आज्ञेची वाट पाहत थांबलेला असतो, आणि या थांबण्यालाही वीज लागते. या अवस्थेला स्टँडबाय म्हणतात.

ही वीज किती? वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे एक वॅट वीज वर्षभर अखंड वाहिली, तर पावणेनऊ युनिटे खर्च होतात. नवा दूरदर्शन संच स्टँडबायमध्ये बहुधा अर्धा ते एक वॅट घेतो. तो फारसा दोषी नाही. मोबाइलचा चार्जर फोन नसताना त्याहूनही कमी घेतो. सेट-टॉप बॉक्सची गोष्ट वेगळी. त्याच्या अनेक जुन्या नमुन्यांत चालू आणि ‘बंद’ या दोन अवस्थांत फारसा फरकच नसतो. दहा वॅटचा बॉक्स दिवसातले वीस तास कोणी पाहत नसताना चालू राहिला, तर वर्षाला ७३ युनिटे जातात. चार्जर काढून ठेवण्याविषयी मुलांना रोज बजावणाऱ्या घरात हा बॉक्स वर्षानुवर्षे कोमट राहावा, ही मोठी गंमत आहे. मायक्रोवेव्हचेही तसेच. दिवसातून चार मिनिटे अन्न गरम करण्यास जेवढी वीज लागते, जवळपास तेवढीच त्याचे तीन वॅटचे घड्याळ चोवीस तासांत घेते. भिंतीवर दुसरे घड्याळ असतेच.

या गळतीकडे जगाचे लक्ष वेधण्यात अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेचे संशोधक ॲलन मायर यांचा मोठा वाटा आहे. कॅलिफोर्नियातील दहा घरे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने मोजली, तेव्हा प्रत्येक घरात सरासरी ६७ वॅट वीज निव्वळ वाट पाहण्यात जात असल्याचे दिसले. कोणत्याही उपकरणाने स्टँडबायमध्ये एका वॅटहून अधिक घेऊ नये, हा त्यांचा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये उचलून धरला. युरोपीय संघाने २०१० पासून बहुतेक घरगुती उपकरणांसाठी एक वॅटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा घातली. नव्या उपकरणांची भूक कमी झाली, ती अशा नियमांमुळे. परंतु घरातील उपकरणांची संख्या त्याच काळात वाढत गेली.

जैन गृहस्थाला हा विषय केवळ बिलापुरता वाटू नये, असे कारण त्याच्या व्रतांतच आहे. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरमण हे एक व्रत आहे. संसार चालवताना काही हिंसा अटळ असते. प्रयोजनाविना घडणारी हिंसा मात्र टाळता येते, ही त्यामागची दृष्टी. श्रावकाचाराच्या ग्रंथांत प्रमादचर्येची उदाहरणे येतात ती निष्कारण जमीन उकरणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे अशी. वीज सचित्त की अचित्त, याविषयी साधुवर्गात आणि विद्वानांत मतभेद आहेत, आणि तो वाद येथे सोडवण्याचे कारण नाही. कारण चंद्रपूर, कोराडी किंवा भुसावळच्या औष्णिक केंद्रातील भट्टीत जे धगधगते, तो अग्नी आहे, याविषयी कोणाचाही मतभेद नाही. तेथे एका युनिटामागे साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. त्या कोळशासाठी जमीन खणली जाते, त्याची राख कुठेतरी साठते. रात्री सूर्यापासून वीज मिळत नाही, आणि स्टँडबायचा ठिपका तर रात्रभर तेवत असतो.

आपल्या घरात अशी वीज किती जाते, हे कोणत्याही यंत्राविना समजू शकते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकतो, आणि एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकेल हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. अनेक मीटरांवर तो ३२०० आहे. रात्री दिवे-पंखे मालवावेत, फ्रीज दहा मिनिटे बंद करावा (त्याने काही बिघडत नाही) आणि दोन लुकलुकींमधील सेकंद मोजावेत. ११२५ या संख्येला त्या सेकंदांनी भागले की वॅट मिळतात. मीटरवर ३२०० ऐवजी १६०० असेल, तर २२५० घ्यावेत. मीटर तळमजल्यावर असलेल्या सोसायटीत एकाने खाली घड्याळ धरावे आणि दुसऱ्याने वर फोन कानाशी ठेवून एकेक बटण बंद करत जावे. हे काम नातवंडे उत्साहाने करतात. ३८ सेकंदांनी एकदा लुकलुकला, तर सुमारे ३० वॅट, म्हणजे वर्षाला २६० युनिटे. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत. वाचलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या, महाग टप्प्यातले असते.

उपाय म्हणाल तर भिंतीवरच आहे. अमेरिकेतील बहुतेक घरांत सॉकेटला बटण नसते, प्लग उपटावा लागतो. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असते, पण ते कपाटाच्या किंवा शोकेसच्या मागे दडलेले असते आणि वाकून तिथवर पोहोचणे घरातील वडीलधाऱ्यांना जमत नाही. बटणाचा एक एक्स्टेंशन बोर्ड पुढे आणून त्यावर संच, सेट-टॉप बॉक्स आणि स्पीकर जोडले की एका बोटाचे काम उरते. बॉक्स पुन्हा सुरू होण्यास मिनिट-दोन मिनिटे लागतात. आजोबांच्या सकाळच्या प्रवचनाआधी कोणीतरी तेवढे बटण दाबून ठेवावे. एसीचा स्टॅबिलायझर मात्र हमखास विसरला जातो. दिवाळीनंतर एसी वापरात नसतो, स्टॅबिलायझर होळीपर्यंत गुणगुणत राहतो. काही एसींत कॉम्प्रेसर उबदार ठेवणारा छोटा हीटरही असतो. हिवाळ्यापुरते ते बटण, किंवा एसीसाठी वेगळा एमसीबी असल्यास तो, खाली करावा. उन्हाळ्यात पहिल्यांदा एसी लावण्यापूर्वी काही तास आधी तो वर केला, म्हणजे कॉम्प्रेसरवर ताण येत नाही.

सगळेच बंद करावे, असे नाही. इन्व्हर्टर चालूच असावा. आजारी माणसाच्या उशाशी असलेल्या उपकरणाला हात लावू नये. ज्या घरात रात्री परदेशातील मुलाचा फोन इंटरनेटवर येतो, तेथे राउटर जागा राहिला तरी तो सप्रयोजनच म्हणायचा.

बाकीची बटणे बंद झाल्यावर तीच मोजणी पुन्हा करावी. वाट पाहणारी वीज दहा वॅटवर आली असेल, तर मीटरचा तांबडा दिवा एकदा लुकलुकून पुन्हा लुकलुकण्यास जवळजवळ दोन मिनिटे घेईल.